झाड कुणाचं, वारा कुणाचा

नायजर देशाच्या दक्षिणेला, मराडी आणि झिंदेर या भागांत, गाओ नावाचं झाड शेताशेतात दिसतं. बाभळीच्या कुळातलं हे काटेरी झाड उफराट्या स्वभावाचं आहे. पावसाळ्यात सगळं रान पालवतं तेव्हा हे पानं गाळून मोकळं होतं, आणि कोरड्या महिन्यांत जेव्हा हिरवं काही उरत नाही तेव्हा हे भरगच्च उभं असतं. त्यामुळे खालच्या बाजरीचं ऊन अडत नाही, पाल्याचं खत होतं, मुळं जमिनीला नत्र देतात आणि टंचाईत शेंगा बकऱ्यांच्या पोटात जातात. कोरडवाहू शेतकऱ्याला याहून सोयीचं झाड मागून मिळायचं नाही. तरीही एके काळी तिथला शेतकरी गाओचा फुटवा दिसला की खुरप्यानं उडवायचा.

कारण झाड त्याचं नव्हतं. फ्रेंच वसाहतीच्या काळातल्या वनकायद्यानं झाडं सरकारजमा केली होती, आणि झेंडा बदलला तरी कायदा तोच राहिला. स्वतःच्या शेतातली फांदी तोडली तरी वनरक्षक दंड ठोकायचा. मग झाड मोठं होऊ देऊन विकतचं दुखणं कोण घेणार? टोनी रिनाउदो हा ऑस्ट्रेलियन मिशनरी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मराडीत रोपं लावून लावून थकला होता. लावलेली बहुतेक रोपं मरायची. मग त्याच्या ध्यानात आलं की शेतातली खुरटी झुडपं म्हणजे तोडलेल्या झाडांच्या बुडख्यांना आलेले फुटवे आहेत. जमिनीखाली जंगल जिवंतच होतं. चार जोमदार फुटवे राखायचे आणि बाकीचे छाटायचे, एवढंच काम होतं. पण शेतकऱ्यानं ते करावं यासाठी वनखात्यानं काणाडोळा करणं गरजेचं होतं. तो केला गेला. राखलेलं झाड आपल्यालाच तोडता येईल याची खात्री पटल्यावर हे तंत्र एका बांधावरून दुसऱ्या बांधावर आपसूक गेलं. वीसेक वर्षांनी उपग्रहाची छायाचित्रं पाहिली तेव्हा सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडोरा परतलेला दिसला. त्यातली फारच थोडी झाडं कुणी लावलेली होती.

शाश्वत विकास, हवामान-न्याय आणि स्थानिक अर्थव्यवस्था यांविषयी आफ्रिकेत गेली पन्नास वर्षं जे बोललं आणि केलं जातंय, त्याचा आढावा घेताना मला हेच टोक हाताशी धरावंसं वाटतं. बाहेरून पाहणारा विचारतो: किती कार्बन, किती झाडं, किती मेगावॉट? आतला माणूस बहुधा आधी विचारतो: कुणाचं? अर्थात ५४ देशांच्या खंडाला एकच दृष्टी आहे असं मानणं हा बाहेरच्यांचाच जुना आळस आहे. पुढे दिसेल की मालकीच्या या प्रश्नावर तिथे एकमत तर नाहीच, उलट कडाक्याचं भांडण आहे.

नायजरच्या शेजारी बुर्किना फासोत, उआहिगुया गावाजवळ, याकुबा सावादोगो या शेतकऱ्यानं १९८० च्या सुमारास ‘झाई’ ही जुनी पद्धत सुधारून वापरायला घेतली. कडक झालेल्या पडीक जमिनीत उन्हाळ्यातच खड्डे घ्यायचे, त्यांत शेणखत टाकायचं. खताच्या वासानं वाळवी येते, ती जमीन पोखरते, आणि पहिला पाऊस वाहून न जाता मुरतो. उन्हाळ्यात खड्डे खणणाऱ्या याकुबाला लोकांनी वेड्यात काढलं, त्याची झाडं जाळलीही. पुढे ज्वारी-बाजरी उभी राहिलीच, शिवाय सुमारे ४० हेक्टरांचं जंगल झालं. २०१८ मध्ये त्याला आणि रिनाउदोला, दोघांनाही, ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. पण शहर वाढत त्याच्या जंगलापर्यंत आलं, सरकारनं भूखंड पाडायला घेतले, आणि ज्यानं जंगल उभं केलं त्याच्या नावावर ती जमीन कागदोपत्री नव्हती. २०२३ च्या डिसेंबरात तो गेला. जगभर गौरव झाला, तरी सातबारा मात्र कोराच राहिला असं आपल्या भाषेत म्हणता येईल.

याच पट्ट्यात आफ्रिकी संघानं २००७ मध्ये ‘महाहरित भिंत’ उभारायचं ठरवलं: सेनेगलपासून जिबुतीपर्यंत ८,००० किलोमीटर, आणि २०३० पर्यंत १० कोटी हेक्टर जमीन पुन्हा सकस. कल्पना झाडांच्या रांगेची होती, आणि वाळवंट जणू चाल करून येणारं सैन्य. संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या आढाव्यात आखलेल्या पट्ट्यातलं काम ४० लाख हेक्टरांच्या आसपास भरलं. मराडी-झिंदेरच्या शेतकऱ्यांनी कुठल्याही भिंतीविना केलेल्या कामापेक्षाही कमी. आता भिंतीऐवजी शेतं, कुरणं आणि झाडोरा यांच्या गोधडीची भाषा बोलली जाते, हे बरं झालं.

वांगारी मथाईंचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. पण त्यांना ‘झाडं लावणाऱ्या बाई’ करून टाकणं हा अन्याय आहे. १९७७ मध्ये केनियात ‘ग्रीन बेल्ट’ चळवळ सुरू झाली ती गावच्या बायकांच्या रोजच्या तक्रारींतून. ओढे आटलेत, सरपण लांब गेलंय, पोरांना धड खायला नाही. वनाधिकाऱ्यांचं म्हणणं, रोपं वाढवायला शिक्षण लागतं. बायकांनी ती मडक्यांत, फुटक्या भांड्यांत वाढवली. रोप जगलं तरच थोडे पैसे मिळायचे, हा नियम मोठा शहाणपणाचा होता. १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कात सत्ताधारी पक्षानं ६० मजली इमारत बांधायचं ठरवलं. मथाईंनी विरोध केला, त्यांची संसदेत टवाळी झाली, पण परदेशी पैसा मागे हटला आणि बाग वाचली. पुढे कारुरा जंगलाचे तुकडे राजकारण्यांच्या मर्जीतल्या लोकांना वाटले जात होते, तेव्हा त्या रोपं घेऊन गेल्या आणि मार खाऊन आल्या. २००४ चं नोबेल त्यांना शांततेसाठी मिळालं, आणि ते योग्यच होतं. सार्वजनिक जमीन ढापून चालणाऱ्या राजवटीशी त्या भांडत होत्या. झाड हे त्या भांडणातलं हत्यार होतं.

बियाण्याच्या मालकीचं भांडण कमी गाजलं, पण दूरवर पोचलं. इथिओपियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ तेवोल्दे बेरहान गेब्रे एग्झियाबेर यांनी जनुकबदल केलेल्या बियाण्यांविषयीच्या वाटाघाटींत आफ्रिकी देशांची मोट बांधली. २००० मध्ये जैवसुरक्षेचा कार्टाहेना करार झाला, त्यात आयात नाकारण्याचा गरीब देशांचा हक्क टिकला तो बराचसा त्यांच्या चिकाटीमुळे. घरी तिग्राईत त्यांनी आणि त्यांच्या पत्नी सू एडवर्ड्स यांनी १९९६ पासून शेतकऱ्यांबरोबर कंपोस्टचे प्रयोग चालवले. याउलट २००६ मध्ये रॉकफेलर आणि गेट्स प्रतिष्ठानांच्या पैशांवर ‘आफ्रिकेतील हरित क्रांती’ची आघाडी निघाली. संकरित बियाणं आणि रासायनिक खत यांच्या बळावर कोट्यवधी कुटुंबांचं उत्पन्न २०२० पर्यंत दुप्पट करण्याचा तिचा वायदा होता. तो पुरा झाला नाही. केनियानं तर २०१२ च्या कायद्यानं नोंदणी नसलेलं बियाणं विकणं हा गुन्हाच ठरवला. शेजारणीकडून वाटीभर घेवडा आणून पेरणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवणारी क्रांती कुणासाठी असते, हा प्रश्न तिथले शेतकरी गट विचारतात, आणि मला तो रास्त वाटतो.

आता तेल. नायजर नदीच्या मुखाशी, नायजेरियातल्या ओलोइबिरीत, १९५६ मध्ये तेल सापडलं. त्याच मुखप्रदेशातल्या ओगोनी लोकांच्या वाट्याला गळकी नळवाहिनी, रात्रंदिवस जळणारा वायू आणि तेलकट खाड्या आल्या. लेखक केन सारो-विवा यांनी या छोट्या समाजाला संघटित केलं, १९९३ मध्ये शेल या तेल कंपनीला तिथलं उत्पादन थांबवावं लागलं, आणि १० नोव्हेंबर १९९५ रोजी लष्करी राजवटीनं सारो-विवांना आणि त्यांच्या आठ साथीदारांना फाशी दिली. ‘हवामान-न्याय’ हा शब्द जागतिक परिषदांत रुळण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं ओगोनी भूमीची पाहणी केली आणि सफाईला २५ ते ३० वर्षं लागतील असं सांगितलं. नायजेरियाचे कवी आणि कार्यकर्ते निमो बासी यांच्या मांडणीचा पाया हाच अनुभव आहे: जागतिक तापमानवाढीचा हिशेब तेल जाळलं जातं तिथून मांडू नका, ते उपसलं जातं तिथून मांडा.

परिषदांतला नेहमीचा आकडा खरा आहे. जगातली सुमारे १८ टक्के माणसं आफ्रिकेत राहतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात खंडाचा वाटा ४ टक्क्यांच्याही खाली आहे. सुमारे ६० कोटी लोकांकडे वीज नाही. झांबियाचं उदाहरण तर क्रूर विनोदासारखं आहे. या देशाची बहुतेक वीज पाण्यावर होते, म्हणजे कागदावर अगदी स्वच्छ. २०२४ च्या दुष्काळात करिबा धरणाचा तळ दिसू लागला आणि लुसाकात दिवसचे दिवस वीज गेली. २०२० मध्ये परदेशी कर्ज बुडवलेल्या देशाला जनरेटरचं डिझेल घ्यायला कर्ज कोण देणार? मार्च २०१९ मध्ये इदाई चक्रीवादळानं मोझांबिकचं बैरा शहर मोडलं, सहा आठवड्यांत केनेथ आलं. २०२३ मध्ये फ्रेडी वादळानं मलावीत हजाराहून अधिक माणसं नेली. अशा नुकसानीच्या भरपाईसाठी निधी असावा, हे तत्त्व मान्य व्हायला २०२२ ची शर्म-अल-शेखची परिषद उजाडावी लागली. निधी स्थापन झाला. त्यात पडलेली रक्कम पाहिली तर ती भरपाईपेक्षा वर्गणीसारखी दिसते.

पैशांची ही गोष्ट जरा थांबून पाहण्याजोगी आहे, कारण ‘मदत’ या नावाखाली बहुधा कर्ज असतं. दक्षिण आफ्रिकेला कोळशातून बाहेर पडण्यासाठी श्रीमंत देशांनी २०२१ मध्ये ८.५ अब्ज डॉलर जाहीर केले. तपशील आला तेव्हा त्यात अनुदान जेमतेम ४ टक्के निघालं. म्पुमालांगा प्रांतातलं कोमाती वीज केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद केलं गेलं. ते म्हातारं झालंच होतं, धुगधुगी राहिली होती. पण पर्यायी रोजगार उभा राहण्याआधी दार लागलं आणि आसपासच्या वस्तीची रोजी गेली. त्यानंतर त्या पट्ट्यात ‘न्याय्य संक्रमण’ हे शब्द उच्चारणाऱ्याकडे लोक संशयानं पाहू लागले, यात नवल नाही. आफ्रिकेत सौर प्रकल्पाला कर्ज घ्यायचं तर व्याज श्रीमंत देशांच्या दुप्पट-तिप्पट पडतं. जिथे ऊन सगळ्यात जास्त तिथेच उन्हाची वीज महाग, ही करामत सावकारांची आहे.

स्वच्छ ऊर्जा म्हणजे आपोआप न्याय्य ऊर्जा, हा भ्रम केनियातल्या तुर्काना सरोवराजवळ फिटतो. तिथल्या पवन ऊर्जा प्रकल्पात ३६५ पवनचक्क्या आहेत, क्षमता ३१० मेगावॉट. केनियाची बहुतेक वीज आज भूगर्भातली उष्णता, पाणी आणि वारा यांतून येते, आणि याचा त्या देशाला सार्थ अभिमान आहे. पण प्रकल्पाला दिलेली सुमारे दीड लाख एकर जमीन ही गुरं राखणाऱ्या समाजांची सामायिक चराई होती. त्यांना धड न विचारता ती दिली गेली. ते कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये मेरूच्या न्यायालयानं जमिनीची कागदपत्रं बेकायदा ठरवली. तोवर चक्क्या फिरत होत्या, वीज शेकडो किलोमीटर लांबच्या तारांतून दक्षिणेला जात होती, आणि आसपासच्या कित्येक वस्त्यांत अंधार होता.

कार्बन बाजारात तर मालकी आणखी धूसर होते. कुणी तरी लांबचा धूर सोडत राहतो आणि त्या बदल्यात इथलं जंगल ‘राखल्याचे’ पैसे देतो. लायबेरियानं २०१८ च्या कायद्यानं गावसमाजांचा परंपरागत जमीनहक्क मान्य केला. पाचच वर्षांत दुबईची एक कंपनी देशाच्या सुमारे १० टक्के भूमीवरच्या जंगलाचे कार्बन हक्क तीस वर्षांसाठी मागत असल्याचं बाहेर आलं. त्याच वर्षी, २०२३ मध्ये, नैरोबीत पहिली आफ्रिका हवामान परिषद भरली. केनियाचे अध्यक्ष विल्यम रुटो कार्बन बाजाराचे खंदे पुरस्कर्ते. बाहेर रस्त्यावर त्याविरुद्ध मोर्चा. नैरोबी जाहीरनाम्यात मात्र एक चांगली गोष्ट आली: कच्चा माल बाहेर पाठवण्यापेक्षा तो इथेच पक्का करू द्या. कोबाल्टचा जगातला बहुतेक पुरवठा काँगोतून होतो, पण विजेच्या गाडीची बॅटरी तिथे बनत नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना पिकवतात, चॉकलेटचा नफा युरोपात राहतो.

मग स्थानिक अर्थव्यवस्था उभी राहते ती कशावर? बऱ्याचदा आपल्या भिशीसारख्या मंडळांवर. केनियात त्यांना चामा म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत स्टोकव्हेल, घानात सुसू, सेनेगलपासून कॅमेरूनपर्यंत तोंतिन, इथिओपियात इक्कुब. बँक दारात उभं करत नाही अशा बाईची शिलाई मशीन, पत्रे, पोरांची फी यांतून निघते. दुष्काळात कोण आधी सावरतं याचा शोध घेणाऱ्यानं पावसाच्या नोंदीइतक्याच या मंडळांच्या वह्याही पाहाव्यात. मोंबासातल्या ‘बांगलादेश’ नावाच्या झोपडपट्टीत २०१३ मध्ये छोट्या दुकानदारांनी आपसांत चालणारी ‘बांगला-पेसा’ ही कुपनं काढली. शिलिंग नसला तरी भाजीवालीला न्हाव्याकडून आणि न्हाव्याला भाजीवालीकडून उधारी फिरवता यावी, एवढाच हेतू. सरकारनं ते बनावट चलन समजून लोकांना अटक केली. आरोप पुढे मागे घेतले गेले आणि प्रयोग मोबाइलवर जाऊन टिकला.

स्थानिक उद्योगाला मोठी मुभा मिळत नाही, हे जुन्या कपड्यांच्या प्रकरणात दिसलं. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी २०१६ मध्ये ठरवलं की पाश्चात्त्यांच्या वापरलेल्या कपड्यांची आयात हळूहळू थांबवायची आणि आपल्या गिरण्यांना श्वास घेऊ द्यायचा. अमेरिकेनं व्यापार सवलती काढून घेण्याची धमकी दिली. केनिया, टांझानिया आणि युगांडा मागे सरले. रवांडा अडून बसला आणि २०१८ मध्ये त्याच्या तयार कपड्यांवरची सवलत गेली. मात्र जुने कपडे विकून, उसवून, पुन्हा शिवून पोट भरणारी लाखो माणसंही आफ्रिकीच आहेत. अक्राचा कांतामांतो बाजार ही त्यांची राजधानी. त्यांना विचारलं तर बंदी नको आहे.

या साखळीत आपणही आहोत. २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, त्यावर २०१६ मध्ये भारतानं मोझांबिकशी करार केला: तुम्ही तूर पिकवा, आम्ही घेतो. तिथल्या लहान शेतकऱ्यांनी ती पेरली. मग आपल्याकडे विक्रमी पीक आलं, २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या खरेदी केंद्रांवर तुरीची पोती पडून राहिली, आणि दिल्लीनं आयातीवर मर्यादा घातली. मोझांबिकमध्ये भाव कोसळला. तिकडचा माणूस तूर फारशी खातही नाही. तिचं करायचं काय हे त्याला कळेना. लातूरचा आणि तिकडचा शेतकरी एकाच धोरणाच्या दोन टोकांना लटकले होते, आणि एकमेकांचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. इथिओपियातल्या गांबेलात बंगळूरच्या एका गुलाब निर्यातदार कंपनीनं लाखभर हेक्टर जमीन भाड्यानं घेऊन नंतर वाऱ्यावर सोडली, तीही आपलीच गोष्ट.

मोझांबिकच्याच काबो देलगादो प्रांतात समुद्राखाली प्रचंड वायू आहे. फ्रेंच टोटालएनर्जीजच्या त्या प्रकल्पात भारतीय सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे, त्यातला १० टक्के मुंबईत मुख्यालय असलेल्या भारत पेट्रोलियमच्या उपकंपनीचा. प्रकल्पासाठी अफुंगीच्या मच्छीमारांना समुद्रापासून दूर वसवलं. २०१७ पासून त्या प्रांतात सशस्त्र बंड पेटलं, मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला आणि काम थांबलं. केनेथ चक्रीवादळ आदळलं तेही याच किनाऱ्यावर.

हा वायू काढावा की नाही, इथेच आफ्रिकेतलं मोठं भांडण आहे. युगांडाचे अध्यक्ष मुसेवेनी, सेनेगलचे माजी अध्यक्ष मॅकी साल, नायजेरियाचे माजी उपराष्ट्रपती ओसिनबाजो यांचं म्हणणं साधारण एकच: तुम्ही दोनशे वर्षं कोळसा जाळून श्रीमंत झालात, आता आमच्या वायूला पैसा नाकारता? त्यांचा राग पोकळ नाही. ग्लासगोच्या हवामान परिषदेत परदेशी जीवाश्म इंधन प्रकल्पांचा सरकारी पैसा थांबवण्याची शपथ घेणाऱ्या जर्मनीचे तत्कालीन चान्सलर मे २०२२ मध्ये, युक्रेन युद्धानंतर, वायूची विचारपूस करायला डकारला पोचले होते. उलट बाजूला नैरोबीच्या ‘पॉवर शिफ्ट आफ्रिका’चे मोहम्मद अडो किंवा युगांडाची तरुण कार्यकर्ती व्हनेसा नकाते विचारतात की हा वायू जाणार कुणाच्या चुलीत? नायजेरियात सत्तर वर्षं तेल निघतंय, तिथे तरी घराघरांत दिवा लागला का? मला दुसऱ्या बाजूचा प्रश्न जड वाटतो. पण पहिल्या बाजूला दांभिक म्हणण्याचा अधिकार युरोपाला नाही, आणि आपल्यालाही नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, म्पोंडोलँडमधल्या झोलोबेनीत, हेच भांडण एका गावात उतरलंय. तिथल्या लाल वाळूत टायटॅनियम आहे, आणि एका ऑस्ट्रेलियन कंपनीला ते हवं होतं. खाणीला विरोध करणाऱ्या ‘अमादिबा’ समितीचे नेते सिखोसिफी ऱ्हादेबे यांचा मार्च २०१६ मध्ये गोळ्या घालून खून झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयानं निकाल दिला की या लोकांच्या संमतीशिवाय खाणीचा परवाना देता येणार नाही. ‘नाही म्हणण्याचा हक्क’ या नावानं तो खंडभर सांगितला जातो. त्याच लोकांनी पुढे शेलचं समुद्रातलं भूकंपलहरींचं सर्वेक्षण न्यायालयात अडवलं; त्यांच्यातले नोंहले म्बुथुमा आणि सिनेगुगू झुकुलू यांना २०२४ चा गोल्डमन पुरस्कार मिळाला. ते रताळी आणि मका पिकवतात, मासे धरतात, पायी फिरायला येणाऱ्या पर्यटकांना घरी उतरवतात, आणि हीच आमची अर्थव्यवस्था आहे असं सांगतात. देशाचे खनिजमंत्री ग्वेदे मंताशे एके काळी खाणकामगारांच्या संघटनेचे सरचिटणीस होते. तेल-वायूला होणारा हा विरोध म्हणजे वसाहतवादाचाच नवा अवतार आहे, असं ते म्हणाले. झोलोबेनीतही सगळे एका बाजूला नाहीत. खाण आली तर नोकरी मिळेल म्हणणारी घरं समितीच्या माणसांच्या शेजारीच आहेत, आणि दोन्ही बाजूंची नाती अजून जुळलेली नाहीत.